गिरणीपाशी

नियम असा की मुलीशी एकटीशीच बोलायचं.
करोंग्याच्या प्रशिक्षणात तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा फळ्यावर लिहिलं: एकांत.
आई नको, सासू नको, शेजारीण नको.
कडेवरचं पोर तेवढं चालेल.

इबांडात एकांत कुठून आणायचा?
सरोवराकाठी ताट्यांवर उसिपा वाळतेय,
तिथे कावळे हाकत बायका.
आंब्याखाली बाओचा डाव, म्हातारे.
बोअरवेलवर रांग.
आणि कसाव्याच्या शेतात शिरलो दोघी
तर बांधावरून कुणीतरी ओरडलंच,
पोरींनो, काय हरवलं?

तुसेकिले. वय सोळा, अंदाजे.
पुलाचा खांब वाहून गेला त्या साली जन्म,
तो खांब माझ्या फॉर्ममध्ये बसत नाही.
अंगणात तिची आईच उत्तरं देत होती.
शाळा? सुटली.
का? ताप आला होता पोरीला.
नऊ महिन्यांचा तो ताप
मांडीवर बसून माझ्या पेनाकडे हात करत होता.

मग तिनेच टोपली डोक्यावर घेतली,
पोर पाठीशी बांधलं.
दळायला जाते. ही येईल सोबत.

पत्र्याचं छप्पर, डिझेलचं इंजिन,
पट्टा असा फटफटत होता
की शेजारी कुणी हंबरडा फोडला तरी कळू नये.
बायका खुणांनी बोलत होत्या, पापण्यांवर पीठ.
आम्ही पोत्यांमागे बसलो.
मी तिच्या कानाशी ओरडायचे,
ती माझ्या कानाशी.
आयुष्यात इतका चांगला एकांत मला मिळाला नव्हता.
टॅबलेटवर पीठ बसत होतं,
ते मनगटाने पुसत मी आकडे दाबत गेले:
होय एक, नाही दोन,
माहीत नाही अठ्ठ्याऐंशी,
सांगायचं नाही नव्व्याण्णव.

एकेचाळिसावा प्रश्न.
श्वास भरून मी ओरडले,
आणि मधेच इंजिन बंद पडलं.

पहिल्या वेळी तुझी इच्छा होती का?

पत्र्याखाली माझाच आवाज. उघडा.
चौदा बायकांनी वळून पाहिलं.
गिरणीवाला अंबोकिले पाना हातात घेऊन वाकला होता,
तो वाकलेलाच राहिला.
पाठीवरचं पोर शिंकलं.

मी टॅबलेट पालथा घातला, जणू बोलला तोच.

मग रांगेच्या टोकाकडून, न वळता,
टोपलीतला कसावा हाताने सारखा करत
एक म्हातारी म्हणाली, माझी नव्हती.
पाऊस येईल म्हणावं, तशी.

एक जण हसली, मग हसणं थांबेना तिचं,
पदराने तोंड दाबून बाहेर गेली.
एकीने मोठ्याने सांगितलं, माझी होती, हो!
दुसरी चिडली. असलं विचारायला पगार मिळतो तुला?
मिळतो, म्हटलं.
बाकीच्या गप्प होत्या.
त्या गप्प बसण्याला माझ्याकडे आकडा नव्हता.

म्हातारीने विचारलं, माझं लिहिलंस?
आजी, फॉर्म पंधरा ते एकोणीसचा आहे.
मी पंधराचीच होते, ती म्हणाली.

अंबोकिलेने पाना टाकला, हॅंडल फिरवलं.
दोनदा खोकून इंजिन सुरू झालं.
आवाजाने पुन्हा सगळ्यांना झाकून घेतलं.
तेव्हा तुसेकिले माझ्या कानाशी आली
आणि बोलली, बराच वेळ.
ते मी इथेही लिहिणार नाही.

संध्याकाळी पर्यवेक्षकांचा फोन.
एकांताचा भंग झाला, नियमाने मुलाखत रद्द.
नवीन मुलगी शोध, गट तोच, वय तेच.
बरं, म्हटलं.

मोबदल्याचा साबण मी तिला दिला होता, एक वडी.
तिने तिथेच दोऱ्याने तिचे दोन तुकडे केले,
एक म्हातारीच्या टोपलीत टाकला
आणि पिठाच्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

टॅबलेटच्या फटीत अजून पीठ आहे.
सुईने काढते, तरी उरतंच.