शंभर मैल

दिवा पिवळा, करंगळीच्या नखाएवढा.
बर्नडीन वोय्नारच्या ब्युइकमध्ये तो सहा वर्षं जळतोय.
नवऱ्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.
नवरा गेला. पट्टीचा डिंक एका उन्हाळ्यात सुटला
आणि दिवा पुन्हा तिच्याकडे बघू लागला.

"आधी टाकीचं झाकण बदललं," ती सांगते,
"मग मुलाच्या मित्राने सेन्सर, एकशे चाळीस डॉलर,
मग कुणीतरी म्हणालं, तो नव्हे, दुसरा."
दुखणं म्हशीला, औषध पखालीला.
मी मान डोलावतो. जानेवारीत युटिकामध्ये
गॅरेजचं शटर आम्ही अर्धंच उघडतो.
तिच्या बुटांवरचं रस्त्याचं मीठ
फरशीवर पांढरं वाळत जातं.

स्कॅनरवर आकडा आला: चारशे पंचावन्न.
आकडा म्हणजे निदान नव्हे,
पोरांना शिकवून मी थकलो.
आकडा फक्त गल्लीचं नाव सांगतो,
दारं आपणच ठोठावायची.
या गल्लीत पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटतेय, एवढंच.

(माझ्या वडिलांच्या झास्तावाला एकच दिवा होता, तेलाचा.
तो लागला की समजायचं, उशीर झालाय.
इथल्या गाड्या फार आधीपासून सांगत राहतात,
म्हणून कुणी ऐकत नाही.)

नळीतून धूर आत सोडला,
वरचे दिवे मालवले,
टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो.
पाच मिनिटं काही नाही. सहा.
मग मागच्या उजव्या चाकाच्या वर,
जिथे सेन्सर विकणारा कुणी कधी वाकलाच नाही,
पांढरा एक दोरा उठला.
टाकीत पेट्रोल नेणारी नळी,
बावीस हिवाळ्यांच्या मिठाने खाल्लेली.
बोट लावलं, तर पापुद्रा हातात आला.

भंगारातली नळी, चाळीस डॉलर. बसवली.
आकडा पुसला. दिवा गेला.
"मग लावा की काचेवर स्टिकर," तिने कोट चढवला.
थांबा, म्हटलं. आत्ता गाडीला काहीच आठवत नाही.
आकड्याबरोबर तिच्या सगळ्या चाचण्याही पुसल्या गेल्या.
आता ती त्या स्वतःच पुन्हा घेईल,
पण रस्त्यावर, एका लयीत, टाकी अर्धी असताना.
शंभर मैल तरी.

"शंभर?" ती बोटांवर मोजू लागली.
चर्च दोन. दुकान दीड.
डॉक्टरकडे आता मुलगी नेते.
"ऑगस्ट उजाडेल, फिक्रेट."
मग हातमोज्याचं एक बोट ओढत बसली.
"वॉटरटाउनला बहीण आहे. लुसिल.
अकरा वर्षं बोलणं नाही.
आईच्या शिवणयंत्रावरून."

मी फडक्याला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.
"वॉटरटाउन साधारण नव्वद," म्हटलं.
"जाऊन-येऊन पुरून उरेल."
मेकॅनिकने याहून जास्त बोलू नये.

शुक्रवारी फोन आला, भलत्याच नंबरावरून.
"दिवा?" मी विचारलं.
"नाही लागला. बून्व्हिलपासून बर्फ आहे,
लुसिल म्हणते, राहा."
मागून कुणीतरी ओरडत होतं
की ते पातेलं तसं धरत नाहीत.

सोमवारी आली. स्कॅनर लावला.
सगळ्या चाचण्या पूर्ण, एक सोडून:
वाफेचीच. ज्या नळीसाठी हा सगळा खटाटोप, तिचीच.
ती हट्टी असते. तिला थंड रात्र लागते,
बरोबर तेवढं पेट्रोल, आणि नशीब.

"म्हणजे पुन्हा शंभर?"
"नाही. एक अपुरी चालते. कायद्यात आहे तसं."
"कुठल्या कायद्यात?" ती हसली,
पण मी ब्लेड शोधत होतो.

काचेवरचं जुनं स्टिकर खरवडायला आत वाकलो.
मागच्या सीटवर शिवणयंत्र नव्हतं.
मी पाहिलं. विचारलं नाही.