शिफ्ट धर

नदीचं नाव अडाण. त्यावरचे विनोद
आमच्या केंद्रात सगळे करून झालेत.
तिच्या काठी दोन खोल्यांची शाळा,
दुसऱ्या खोलीत एक कॉम्प्युटर,
कुठल्याशा बँकेनं जुना म्हणून दिलेला.
कीबोर्डवरची पुसलेली अक्षरं मीच काढली,
बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशनं.

गेम सोपा आहे. चित्र येतं,
खाली रिकामे चौकोन.
बरोबर लिहिलं की मोर पिसारा उघडतो,
चुकलं की बेडूक डबक्यात उडी मारतो.
पोरं मुद्दाम चुकतात कधी, बेडकासाठी.

आचल मुद्दाम नाही चुकली.
केळीचं चित्र. तिनं लिहिलं केयी.
बेडूक.
डोळ्याचं चित्र. डोया.
बेडूक.
फळ्याचं. फया. बेडूक, बेडूक.
"सर, हा बिघडला," ती म्हणाली,
"मले बराबर येते."

आणि येतच होतं तिला बरोबर.
तिच्या मायनं, आज्यानं,
दारव्ह्याच्या बाजारात हातगाडीवाल्या बाईनं
कधी दुसरं काही म्हटलं नव्हतं.
घरी केयीच यायची, डझनानं.

मला आठवली माझी तिसरी,
गुरुजींची पट्टी, आणि "शाया नाही, शाळा"
म्हणताना टाळूला अडकून बसलेली जीभ.
डी.एड.ला जाईपर्यंत
ळ मी नुसता लिहीत होतो.

शाळा सुटल्यावर शब्दांची फाईल उघडली.
केळीच्या पुढे स्वल्पविराम देऊन
केयी टाकलं.
खोडलं.
परत टाकलं.
तेवढ्यात लाईन गेली.
काय सेव्ह झालं, ते मी अजून तपासलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ळ दाखवला.
लच्याच घरात वरच्या माळ्यावर राहतो,
शिफ्ट धरल्याशिवाय खाली उतरत नाही.
आमच्या शिफ्टची स्प्रिंग गंजलेली,
दोन्ही अंगठे लावले तरच दबते.
तिनं प्रज्वलला बाहीला धरून ओढलं:
"तू शिफ्ट धर, मी दाबतो."
त्यानं जीभ बाहेर काढून धरली.

ळ आला.
तिनं बोट उचललंच नाही.
ळळळळळळळळ
चौकोन भरले, चौकोनांच्या बाहेर गेले,
मोर आणि बेडूक दोघंही गप्प.
"सर," स्क्रीनला नाक लावून ती म्हणाली,
"ह्याले दोन डोये हायेत!"

मग एकेक पुसत आली मागे,
एकच ठेवला, आणि त्याच्याभोवती
सावकाश लिहिलं: डोळा.
मोरानं पिसारा उघडला.
तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं,
"डो-या."

मी काही बोललो नाही.
गेमला कान नाहीत, तेवढं बरं.
खिचडीची घंटा झाली, खोली रिकामी झाली,
प्रज्वल तेवढा
अजून दोन्ही अंगठ्यांनी शिफ्ट धरून बसला होता.