मैनेनं मान खाली घातली

वरातीत नाचून मैना परतते तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो.
अंगावर जरीची झूल,
कपाळाला कुणाच्या तरी मामानं चिकटवलेली दहाची नोट.
रंकाळ्यामागच्या बोळात आमचे पत्रे,
पत्र्यांखाली तीन घोडी, पाच माणसं, मध्ये एक पडदा.
पडद्याच्या कुठल्या बाजूला कोण खोकलं
हे अम्मीला झोपेतही कळतं.

शेजारी अपार्टमेंट झालं.
लिदीचा वास जिना न चढता तिसऱ्या मजल्यावर गेला
आणि नोटीस होऊन खाली आला.
अब्बांनी ती घडी करून खोगिराखाली ठेवली,
घामानं विरघळेल म्हणून.

मग जमीन बघत फिरलो. दर सोमवारी,
कारण सोमवारी चौपाटीवर गिऱ्हाईक नसतं.

फुलेवाडीपुढं एजंट म्हणाला, गुंठ्याला नऊ लाख, रोड टच.
अब्बा म्हणाले, रोड खाती काय घोडी?
कळ्याच्या अलीकडं ऊस. कळ्याच्या पलीकडं ऊस.
बांधावर हरळी दिसली म्हणून वाकलो,
तर तणनाशकानं पिवळी पडलेली.
बाजारभोगावच्या वर स्वस्त होतं: नुसता सडा,
चार महिने हिरवा, आठ महिने तवा.
एका गावात गायरानाला लागून तुकडा निघाला.
सरपंच म्हणाले, "गायरान गाईंचं. नावातच हाय की वं."
तौफिक हसला. अब्बा नाही हसले.

आजऱ्याच्या अंगाला धाकलू येडगे भेटला.
म्हशी विकलेल्या, पोरं इचलकरंजीत मागावर,
एक एकर दहा गुंठे माळ, खाली ओढा.
त्यानं दर सांगितला नाही आधी. गवत सांगितलं.
"ह्यो पवना. ही मारवेल.
वरल्या अंगाला कुसळी हाय, तकडं सोडू नगा, व्हट सोलतंय."
अब्बा उकिडवे बसले, एक काडी चावली,
आणि म्हणाले, घोडीला विचारल्याबिगर विसार न्हाई.

पुढच्या सोमवारी टेम्पो केला. चोवीसशे रुपये, घोडीला विचारायचे.
मैना उतरली. माणसं बघून तिनं पुढचा पाय उचलला,
बँड सुरू व्हायची वाट बघत तशीच थांबली.
बँड नव्हता. टिटवी होती.
पाय हळूच खाली आला.
मग मान.
गोणीतलं खाऊन वाढलेली घोडी
पहिल्यांदा मुळाशी तोडून खात होती
आणि तो आवाज, जुनं धोतर फाडावं तसा,
आम्ही चौघं उभे राहून ऐकत होतो.

तहसीलच्या कट्ट्यावर लिहिणाऱ्यानं विचारलं,
शेतकरी दाखला?
आम्ही बारगीर. आडनावात घोडा आहे,
तोही सरकारी. जमीन कुठल्याच पिढीत नाही.
शेतकरी नसाल तर शेत घेता येत नाही, तो म्हणाला,
आणि पुढच्या माणसाकडं वळला.
त्या दिवशी मान अब्बांनी खाली घातली.

घरी अम्मी काही बोलली नाही.
बिस्किटाचा डबा काढला, त्यातून एक सातबारा,
घड्यांवर फाटलेला, तिच्या माहेरचा.
भावांच्या नावांखाली, चौथ्या ओळीत:
हलिमा भ्र. दस्तगीर बारगीर.
हिश्शाला जेमतेम दोन गुंठे.
अकरा वर्षं मामा हक्कसोडाचा कागद घेऊन येतात ईदेला,
अकरा वर्षं अम्मी शीरखुर्मा पुढं करते
आणि म्हणते, चष्मा सापडेना बाई.
चष्मा तिच्या गळ्यातच असतो.

अब्बांनी तो कागद दोनदा वाचला.
"म्हणजे तू शेतकरी," ते म्हणाले.
"हो," अम्मी म्हणाली, "आणि तुम्ही माझ्या शेतावरचे गडी."

आता येडग्याला विसार द्यायचाय.
पैसे कुठून, हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोललेलं नाही.
पडद्यापलीकडं सुभेदार उभा आहे,
एक पाय दुमडून, उभ्याउभ्या झोपलेला.
अम्मी आज त्याला दुसऱ्यांदा गूळ देऊन आली.