वाटणीत फ्रीज थोरलीकडं गेला

वाटणीत फ्रीज थोरलीकडं गेला,
मिक्सर माझ्याकडं राहिला.
पाटा एकीला, वरवंटा दुसरीला असं काही झालं नाही,
पण त्याहून फार वेगळंही नाही.

मे महिना. सेलूत दुपारी
पत्र्यावर टाकला तर पापड आपोआप भाजावा,
आणि नंदू म्हणते, मम्मी, ह्याला भाजावंच लागत नाही.
उद्या तिला चौदा पूर्ण.
केक नको, पाय पाहिजे.
मी म्हटलं, पाय? कोणाचा?
हसून हसून ती पलंगावर आडवी.

चॉकलेट नांदेडहून आलं, माझ्या भावाच्या पिशवीत,
एसटीत उन्हाच्या अंगाला बसून.
बसमतच्या आसपास वितळलं असावं.
घरी पोचेस्तोवर वड्यांच्या रेघा पुसलेल्या,
नुसतं एक काळं, मऊ ढेकूळ,
पाणी दिलेल्या रानातून चपलेला लागून आल्यासारखं.

मारीचे दोन पुडे मिक्सरला लावले.
तो खडखडला, त्याला शेंगदाण्याच्या कुटाची सवय.
लोणी पातळ केलं, भुगा भिजवला,
जर्मनच्या ताटात बसवला दाबून दाबून,
बुडाला वाटीनं, कडेला बोटांनी.
भाकर मधून कडेला जाते.
हे कडेवरून मधे यायलं.

मग पातेल्यात पाणी, पाण्यावर वाटगं.
वाफेवर, मम्मी, आचेवर नाही. तीनदा सांगितलं तिनं.
डेअरीतली सकाळची साय, साखर,
आणि मिठाची चिमूट.
मीठ कशाला गं?
गोडाला गोड कळावं म्हणून.
हे माझं नाही, थोरलीचं.
पुरणात मीठ टाकताना म्हणाली होती,
मी नवी होते तेव्हा,
आणि चूल एकच होती.

ओतलं. चकाकलं.
त्यात माझं तोंड दिसलं, नाकापुरतं.
आता आठ तास गार जागी ठेवा, नंदूनं वाचलं.
गार जागा.
आमच्या घरात ती माठाखालची फरशी, एवढीशी,
आणि तिच्यावर मांजर.

दोन अंगणांमधे कमरेइतकी भिंत,
विटांना अजून गिलावा नाही.
दीड वर्षात तिच्यावरून मी
एकदा उडालेला टॉवेल मागितला.
बस.

ताट दोन्ही हातांवर, पदर सरकला तरी सावरायला हात नाही.
चौथ्या दिवशी नळ आलेला, ती पाणी भरायली.
काय करायलीस?
नंदूचंय. घट्ट व्हायला ठिवायचंय. तुमच्याकडं.
घागर खाली ठेवली तिनं. हात पुसले.
ताट घेतलंच नाही, आत गेली.
मी उभी. ताटाला घाम, मला घाम.
आतून बाटल्या सरकल्याचा आवाज,
डबे, झाकणं, काहीतरी पडलं, उचललं,
एक अख्खा कप्पा मोकळा होतोय एवढा वेळ.
मग आली.
दे.

रात्री दोनदा लाईट गेली.
मी जागीच. तीही असावी,
कारण अंधारात पलीकडं टॉर्च हलला
आणि पोरावर ओरडली,
फ्रीज उघडू नको म्हणलं ना, उतरंल ते!

सकाळी ताट भिंतीवर,
कावळ्याच्या धाकानं वर परात उपडी.
उचलली. घट्ट.
सुरी रोवली तर उभी राहील असं.
आणि एका अंगाला एक त्रिकोण गायब,
सुबक कापलेला, कडसुद्धा पुसून घेतलेली.

मम्मी, काकूनं खाल्लं!

भिंतीपलीकडून, बादलीच्या आवाजातून:
झालं का नाही ते बघावं लागंल की.
थोडं थांबून:
मीठ टाकलंस.

टाकलं, म्हटलं मी.