हातचा एक

ताकोराडीच्या गोल बाजाराला
मी रोज सकाळी एक वेढा घालतो,
मिरच्यांच्या टोकापासून शिवणयंत्रांच्या टोकापर्यंत.
खांद्याला पिशवी, खिशात दोन पेनं,
त्यातलं एक गळतं.

एकतीस चौकोनांचं पुठ्ठ्याचं कार्ड ज्याचं त्याच्यापाशी,
त्याची जुळी नोंद माझ्या वहीत.
कुणाचे दिवसाला पाच सेडी, कुणाचे दहा,
टोमॅटोवाल्या पोरीचे दोन, तेही मोजून तीनदा.
चौकोनात माझी सही.
महिना भरला की तीस दिवसांचे तुमचे,
एका दिवसाचे माझे.
याला इथं सूसू म्हणतात.

बँकेतला पोरगा हसला होता :
म्हणजे साठवायचेही पैसे पडतात यांना? हे तर उलटं व्याज!
मी म्हटलं, बाबा, तुझं दार दहा पायऱ्या वर,
आणि काच इतकी लख्ख
की मासे धुरावणाऱ्या बाईला आत काही दिसण्याआधी
ती स्वतःच दिसते, काजळीसकट.
मी तिच्या चुलीपर्यंत जातो.
त्या चालण्याचा तो एक दिवस.

अराबाचा हिशेब मात्र बोटांवर पक्का.
एकदा म्हणाली,
गेल्या साली तुझ्या तीस दिवसांत दोन पोती मीठ यायचं,
यंदा दीड आलं.
पैसे तेवढेच दिले, तेवढेच घेतले.
मग अर्धं पोतं कुणी खाल्लं, एबो?
मी वही उघडली.
वहीत नाही रे, म्हणाली,
निजलेल्या पैशाला वाळवी लागते.
पुढच्या सोमवारी चर्चचा झगा घालून
त्या दहा पायऱ्या चढली,
एक्क्याण्णव दिवसांचा सरकारी कागद घेऊन आली.
थोडं तिथं, थोडं माझ्याकडे,
थोडं नव्या चुलीच्या विटांत.
एक चूल विझली तर दुसरीवर मासा धरता यावा, एवढंच.

त्याच पावसात कोपऱ्यावर एक कचेरी उघडली.
निळ्या खुर्च्या, छताला पंखा,
शंभराचे सहा महिन्यांत दोनशे.
कोबिना शिंप्यानं बाविसाव्या दिवशीच कार्ड पुढं केलं :
सगळे दे.
मी म्हटलं, हातचं सोडून पळत्यापाठी...
वाक्य पुरं केलं नाही.
पैसे त्याचे होते. मोजून दिले.

पाचव्या महिन्यात खुर्च्या गेल्या,
मग पंखा गेला,
छतावर त्याचा काळा गोल तेवढा राहिला.
कोबिना आता दोन सेडी देतो,
मान वर न करता, पायाखाली मशीन चालूच.
त्याच्या चौकोनात मी सही
जरा जास्त नीट करतो.

हे सगळं मला कळतं. तेवीस वर्षं कळतंय.
बाजारात कुणाची मुलगी नर्स होणार, कुणाचं छप्पर येणार,
कोण नवऱ्याला न सांगता साठवतं,
सगळं या वहीत.
आणि माझे ते एकेक दिवस,
दीडशे घरांचे दीडशे दिवस,
तांदळात जातात, सायकलच्या टायरात जातात,
भाच्याच्या बुटांत, सासूच्या अंत्यविधीच्या मंडपात.
महिनाअखेर पिशवी झटकली
की खाली पडतं ते पेनचं टोपण.

काल अराबानं विचारलं, तुझं कार्ड कुठंय?
माझं?
मी हसलो, मग हसणं कुठं ठेवावं कळेना.
अख्ख्या बाजाराच्या दारात जाणाऱ्याच्या
दारात कोण येतं?

तिनं माझ्याच पिशवीतून कोरं कार्ड ओढलं,
वर माझं नाव लिहिलं, एक अक्षर कमी.
पाच काढ, म्हणाली.
काढले.
आणि तुझा एक दिवस?
तो काय सोडते होय! दगदग का फुकट असते?

शाळेत बेरीज शिकवणारे मास्तर
छडी आपटून म्हणायचे, हातचा एक विसराल तर
सगळा ताळा चुकेल.
मी कधी विसरलो नाही.
फक्त तो कुठे मिळवायचा, ते राहिलं.

पहिल्या चौकोनात शाई नाही,
काजळीचा अंगठा आहे, थोडा रेघेबाहेर,
माशाचा वास असलेला.
उरले तीस.