तीन सेकंद

आत-बाशीच्या शाळेत प्रोजेक्टर एकच,
आमच्या वाट्याला मंगळवारी, तोही वीज असली तर.
भिंतीवर चादर, चादरीला ठिगळ,
त्यामुळे पडद्यावरच्या प्रत्येक डोंगराला
त्याच जागी एक चौकोनी वण.

मी सांगितलं होतं : दोन मिनिटांची फिल्म करा,
फोनवर. विषय नदी.
अठरा जणांनी पाणी आणलं, मागे गाणी लावून.
एर्निसने आणला बर्फ.

एर्निस, जो हजेरीलाही नुसता हात वर करतो.
'म' आला की त्याची जीभ दाराशीच थबकते
आणि आमच्या भाषेत बर्फ म्हणजे मुझ.

नको तेवढं कापता येतं, मीच दाखवलं होतं त्याला
कात्रीच्या चित्रावर बोट ठेवून.
त्याने वारा कापला,
कुत्र्याचं भुंकणं कापलं,
काठावर पडलेली स्वतःची सावलीसुद्धा.

चादरीवर नदी पांढरी, गप्प.
आणि त्याचा आवाज : म—
म—

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.
मागच्या रांगेतला जोल्दोश, एरवी सगळ्यांच्या आधी हसणारा,
श्वास धरून बसला,
जणू बर्फावर पाय त्याचाच.

तीन सेकंद. मी नंतर मोजले.
मग ठिगळापासून एक रेघ निघाली,
नदी कडाडली,
आणि शब्द आला.

संध्याकाळी गुणांच्या वहीत
'संकलन' या रकान्यापुढे
मी कितीतरी वेळ नुसती पेन धरून बसले.