टाइम ऑफिस, कुपवाड

सव्वीस वर्षं मी रजेचे अर्ज घेतोय.
'कारण' हा रकाना मला पाठ आहे.

ज्याला ताप येतो तो ताप लिहीत नाही.
तापाला ई.एस.आय.चा दाखला लागतो,
दाखल्याला अर्धा दिवस रांग,
आणि महिन्याची हजेरी तुटली
की बोनसचे आठशे गेले.
म्हणून दस्तगीर नदाफनं टायफॉइडला लिहिलं :
साडूच्या मुलीचा साखरपुडा.
तीन दिवस.
शिक्का मीच मारला.

आणि जे ठणठणीत,
कवठेपिरानच्या मैदानात लंगोट लावून उतरणारे,
ते बेधडक लिहितात : अंगदुखी.
अगदीच खोटं नसतं,
दुसऱ्या दिवशी खरं होतं.

रावसो मगदूम मात्र रजाच घेत नसे.
भर मे महिन्यात, भट्टीपासून दहा पावलांवर,
स्वेटर घालून उभा राहिला, दात वाजत.
सुपरवायझर म्हणाला, "असा पाहिजे माणूस!"
आठवड्यात अख्खं मोल्डिंग खोकत होतं.
त्याला नारळ आणि टॉवेल,
बाकीच्यांना बिनपगारी.
ती यादीही माझ्याच अक्षरात आहे.

आज सकाळपासून मलाच हुडहुडी.
मिरजेच्या बाजूनं वारा येतोय, की मीच हलतोय,
कळत नाही.
पहिल्या पाळीचा भोंगा झाला.
गेटवर कार्डांची खटखट सुरू झाली
आणि प्रत्येक खटका कवटीत वाजला.

कोरा अर्ज पुढ्यात ओढला.
नाव लिहिलं. टोकन नंबर. खातं.
कारणापाशी पेन थांबलं.

मला साडूच नाही.